मेंदूंतील एक दुवा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, तिच्या योगानें एखाद्या माणसावर केवढा अन्याय होतो हें बोलणाराच्या ध्यानींहि येत नाहीं. आजोबांनीं तोच प्रश्न चौथ्यांदां विचारला, आजी दुधाचें भांडें गॅसवर ठेवून देवळाला निघून गेली, काकांना स्वतःच्या जांवयाचें नांव आठवेना, कीं लगेच ‘वय झालें’ अथवा ‘म्हातारचळ लागला’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. आम्ही स्वतः साठी ओलांडलेल्यांपैकीं आहों; तेव्हां या म्हणीकडे आम्ही अगदीं तटस्थपणें पाहतों असें कोणी समजूं नये. परंतु आमचा आक्षेप रुसव्याचा नाहीं. ही म्हण वस्तुस्थितीला सोडून आहे, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे. आणि तें दाखवितांना मेंदूंतील एका लहानशा द्रव्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

प्रथम आंकडा पाहूं. भारतांतील साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची पाहणी करून काढलेला एक अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांचें प्रमाण शेंकडा ७.४ पडतें, आणि सबंध देशांत असे रोगी सुमारें ८८ लाख आहेत. ८८ लाख ही संख्या मनाला धक्का देणारी आहे यांत शंका नाहीं. परंतु साठीनंतर शंभरांतील ब्याण्णवांहून अधिक माणसांची बुद्धि शाबूत असते, हेंहि त्याच आंकड्यावरून निघतें. जी गोष्ट शंभरांत सात-आठांनाच होते, तिला वयाचा धर्म कसें म्हणावें? तो रोग आहे. वयाबरोबर त्याचा संभव वाढतो, इतकेंच खरें. त्याच पाहणींत हें प्रमाण पुरुषांपेक्षां स्त्रियांत व शहरांपेक्षां खेड्यांत जास्त आढळलें. नेसरीसारख्या गांवीं राहणाऱ्या आम्हांस ही गोष्ट विशेष टोंचली. तिच्याकडे पुढें वळूं.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे, आणि तो आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यांच्या घरीं अधिक आढळतो. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. तेथें विषयचिंतनापासून निघालेली कारणांची मालिका क्रोध आणि संमोह यांवरून स्मृतीच्या नाशाला व शेवटीं बुद्धीच्या नाशाला येऊन पोंचते. तें विवेचन मनाच्या निग्रहाविषयीं आहे, वैद्यकाविषयीं नव्हे. पण शब्द एकच असल्यामुळें, आणि रोगी पुष्कळदां चिडतो, संशय घेतो, ओरडतो यामुळें, हा त्याच्या स्वभावाचाच परिपाक आहे असें घरच्यांना वाटूं लागतें. ‘आयुष्यभर तापट होते, आतां फळें भोगताहेत’ असें आम्हीं आमच्या कानांनीं ऐकिलें आहे. रोगाची चीड ही रोग्याची चूक नव्हे. मेंदूंत जे सांधे निखळतात त्यांच्याशीं त्याच्या सदाचाराचा कांहीं संबंध नसतो.

या रोगाचें पहिलें शास्त्रीय वर्णन ज्या रोग्यावरून झालें, ती स्त्री तर साठीलाहि पोंचली नव्हती. जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील इस्पितळांत १९०१ सालीं आउगुस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचें नांव धड लिहितां येत नसे. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनीं तिच्या अवस्थेची टांचणें केलीं आणि १९०६ सालीं ती वारल्यावर तिच्या मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे थर सांचलेले आणि पेशींच्या आंत तंतूंचे गुंते झालेले त्यांना दिसले. बाहेरच्या थरांतील द्रव्याला आज अमिलॉइड-बीटा म्हणतात आणि आंतल्या गुंत्यांतील द्रव्याला टाउ. स्मृतिभ्रंशाच्या रोगांत अल्झायमरचा हा रोगच सर्वांत अधिक आढळतो.

थर आणि गुंते हीं झालीं उध्वस्त घराचीं खुणेचीं चिन्हें. पण घर पडण्यापूर्वीं भिंतींचे सांधे सुटतात, तसे मेंदूचेहि सुटतात. आणि स्मृतीची हानि ही थरांच्या संख्येपेक्षां या सुटलेल्या सांध्यांच्या संख्येशीं अधिक जुळते. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीला जेथें भिडते त्या जागेला आम्ही ‘संधि’ म्हणूं. पाश्चात्त्यांनीं त्या जागेसाठीं जो ग्रीक शब्द घेतला आहे त्याचाहि अर्थ जवळजवळ हाच आहे. व्याकरणांतील संधींत दोन वर्ण एकमेकांत मिसळून जातात. मेंदूंतील संधींत मात्र दोन पेशी अगदीं जवळ येऊनहि निराळ्याच राहतात. मधल्या अतिसूक्ष्म फटींतून एकीनें सोडलेलें रसायन दुसरीला पोंचतें, आणि निरोप पुढें जातो. ही फट नेमकी तेवढीच राहावी, सरकूं नये, म्हणून दोन्ही बाजूंच्या पेशींनीं एकमेकींचे हात धरलेले असतात. हे हात म्हणजे कॅडहेरिन नांवाचीं प्रथिनें. त्यांची पकड टिकण्यास कॅल्शियम लागतें, हें जपानचे मासातोशी ताकेइची यांनीं दाखविलें.

आतां हात धरावयाचा तर तो खांद्याशीं घट्ट असला पाहिजे. कॅडहेरिनचें एक टोंक पेशीच्या बाहेर असतें आणि दुसरें आंत. आंतल्या टोंकाला पेशीच्या सांगाड्याशीं कोण जखडून ठेवतें, याचा शोध जर्मनींत रॉल्फ केमलर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं लाविला. त्यांना तीन प्रथिनें सांपडलीं. साखळीला लॅटिन भाषेंत ‘कातेना’ म्हणतात. त्यावरून या तिघांना कॅटेनिन हें नांव मिळालें, आणि ग्रीक वर्णमालेप्रमाणें आल्फा, बीटा, गामा असे त्यांचे क्रम लागले. आमच्या गोष्टीचा नायक यांतील मधला, बीटा-कॅटेनिन. ७८१ अमिनो आम्लांची ही माळ आहे. तिच्या मधल्या भागांत एकाच धर्तीचीं बारा वेटोळीं एकापुढें एक आलीं आहेत, आणि त्यांच्याच खांचेंत इतर द्रव्यें येऊन बसतात.

एवढ्यावर थांबलें असतें तर बीटा-कॅटेनिन हा एक गंवडी, सांधे जोडणारा कारागीर, इतकेंच म्हणून आम्ही हा लेख लिहिला नसता. परंतु त्याचें दुसरेंहि एक रूप आहे, आणि तें निराळ्याच वाटेनें उजेडांत आलें. ती वाट दिल्लीहून निघते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत आर. पी. शर्मा यांना फळमाशीची पंख नसलेली एक जात आढळली. १९७३ सालीं त्यांनीं तिची नोंद प्रसिद्ध केली व १९७६ सालीं व्ही. एल. चोप्रा यांच्यासह तिचें सविस्तर वर्णन दिलें. पिकलेल्या केळ्याभोंवतीं घोंघावणाऱ्या चिलटाएवढ्या माशीचे पंख गेले काय आणि राहिले काय, असें कोणालाहि वाटेल. पुढें १९८२ मध्यें रोल नुसे व हॅरल्ड वार्मस यांना उंदरांच्या स्तनांतील गांठींत एक जनुक सांपडलें, आणि १९८७ सालीं असें उघड झालें कीं, तें जनुक आणि दिल्लीच्या पंखहीन माशींतील बिघडलेलें जनुक हें मुळांत एकच. दोहोंच्या इंग्रजी नांवांचा समास करून ‘विंट’ हें नांव पाडण्यांत आलें. मनुष्याच्या गर्भाची घडण ज्या थोड्याशा मूळ संदेशांवर चालते, त्यांतील हा एक आहे. आपल्या देशांतील एका शेतकी संस्थेंतील हें निरीक्षण जगाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलें असतां आपल्या शाळांतून त्याचा उल्लेखहि ऐकूं येत नाहीं, याचें आम्हां शिक्षकांस वैषम्य वाटलें पाहिजे.

विंट हा निरोप पेशीच्या दारावर येतो, पण आंत जात नाहीं. आंत निरोप नेणारा कोण? माशीच्या अळ्यांचा अभ्यास करून क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड व एरिक व्हीशाउस यांनीं जीं अनेक जनुकें हुडकून काढलीं, आणि ज्यांसाठीं १९९५ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला, त्यांतील एकाचें नांव आर्माडिलो. दक्षिण अमेरिकेंतील, आपल्या खवल्या मांजराची आठवण करून देणाऱ्या एका प्राण्यावरून तें ठेविलें आहे. विंटचा निरोप पुढें नेणें हें या जनुकापासून बनणाऱ्या द्रव्याचें काम. १९९१ सालीं बेडकांतील बीटा-कॅटेनिनची जुळवाजुळव केली तेव्हां दिसलें कीं, तें आणि आर्माडिलो हीं एकाच कुळांतील आहेत. म्हणजे भिंतीचा सांधा धरून बसलेला गंवडी आणि दारावरचा निरोप माजघरांत पोंचविणारा जासूद हे दोघे एकच निघाले. आपल्या भाषेंत ‘दुवा’ हा शब्द साखळीच्या कडीलाहि लावतात आणि दोन पक्षांना जोडून देणाऱ्या मध्यस्थालाहि. म्हणून या द्रव्याला त्याहून चांगलें मराठी नांव आम्हांस सुचत नाहीं.

या जासुदाला पेशी मोकळें फिरूं देत नाहीं. सांध्यावर कामास नसलेलें बीटा-कॅटेनिन दिसलें कीं पेशींतील एक टोळी त्याला गांठते. तिच्यांतील जीएसके-३ नांवाचें विकर त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतें. शिक्का बसला कीं त्याची रवानगी पेशीच्या मोडीखान्यांत होते. हें अष्टौप्रहर चालूं असतें. विंटचा निरोप दारावर आला म्हणजे मात्र ही टोळी थबकते, बीटा-कॅटेनिन शिल्लक राहूं लागतें, त्यांतील कांहीं पेशीच्या केंद्रांत शिरतें आणि तेथें बंद असलेलीं जनुकें चालूं करतें. माल सतत तयार करावयाचा, सतत मोडावयाचा, आणि निरोप आला तरच मोडणें थांबवावयाचें, हा कारभार प्रथमदर्शनीं उधळपट्टीचा वाटतो. पण त्यामुळेंच निरोप येतांच थोड्या वेळांत काम सुरू होतें. नवें प्रथिन घडविण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

सर्व मर्म प्रमाणांत आहे. २००२ सालीं अमेरिकेंत अंजेन चेन व ख्रिस्तोफर वॉल्श यांनीं उंदरांच्या वाढत्या मेंदूंत न मोडणारें बीटा-कॅटेनिन उत्पन्न होईल अशी योजना केली. उंदराच्या मेंदूचा पृष्ठभाग स्वभावतः गुळगुळीत असतो. या उंदरांच्या पिलांचे मेंदू फुगले व त्यांवर मनुष्याच्या मेंदूसारख्या घड्या पडूं लागल्या. अधिक म्हणजे उत्तम, असें यावरून कोणास वाटल्यास त्यानें मुंबईकडे पाहावें. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. शुभा टोळे व त्यांचे विद्यार्थी मेंदूच्या घडणीचा अभ्यास करितात. २०१० सालीं भटनागर पारितोषिक व २०१४ सालीं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालें. मेंदूंत पाणी झिरपवून त्याला तरंगत ठेवणारी जी झालर आहे, ती कशी घडते याविषयींचा त्यांच्या प्रयोगशाळेचा निबंध २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. बीटा-कॅटेनिनचा संदेश अखंड चालूं ठेवला तर या झालरीच्या पेशी आपलें रूप सोडून मज्जापेशींसारख्या दिसूं लागतात. आणि बीटा-कॅटेनिन अजिबात काढून घेतलें तरी झालर बिघडतेच. अतिशयानेंहि नाश, अभावानेंहि नाश. पाकशास्त्रांत मिठाची जी गत, तीच येथें.

याच विदुषींचा आणखी एक शोध आमच्या विषयाला अगदीं लागून आहे. मेंदूच्या आंतल्या घडींत, दोन्ही कानांच्या वरच्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नांवाचा वांकडा भाग आहे. घोडामाशाच्या आकारावरून त्याला तें नांव पडलें. नवी आठवण प्रथम येथें बांधली जाते. अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर त्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, गर्भावस्थेंत मेंदूच्या एका कडेवरून येणारा विंटचा एक विशिष्ट निरोप मिळाला नाहीं, तर हिप्पोकॅम्पस तयारच होत नाहीं. म्हणजे स्मृतीचें घर बांधावयाचा हुकूमहि याच वाटेनें येतो.

घर बांधून झाल्यावर बीटा-कॅटेनिन निवृत्त होत नाहीं. प्रौढ मेंदूंत एखादी गोष्ट पक्की ध्यानांत राहतांना तें संधींच्या ठिकाणीं हलतें, कॅडहेरिनशीं असलेली त्याची गांठ बदलते, आणि संधीचा आकार त्याप्रमाणें बदलतो. अटलांटा येथील केरी रेसलर व त्यांच्या सहकारिणीनें २००८ सालीं उंदरांवर जो प्रयोग प्रसिद्ध केला तो शिक्षकाच्या नजरेनें पाहण्यासारखा आहे. भीतीची आठवण जेथें ठरते तेवढ्याच भागांतून त्यांनीं बीटा-कॅटेनिन काढून टाकलें. उंदरांना शिकवितांना कांहीं फरक दिसला नाहीं. धडा त्यांनीं इतरांप्रमाणेंच घेतला. पण ती नवी शिकवण चिरस्थायी स्मृतींत उतरली नाहीं. संध्याकाळीं रूप घडाघडा म्हणणारा आणि सकाळीं ‘रामः रामौ’ पुढें अडणारा विद्यार्थी आम्हीं अनेक पाहिले आहेत. त्यांचें कारण बहुधा निराळें, झोंप किंवा आळस असेंच असे. पण शिकणें आणि शिकलेलें मुरणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत ही गोष्ट त्या प्रयोगानें जशी स्पष्ट होते तशी आमच्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांनीं कधीं झाली नव्हती.

याच्याच उलट बाजूनें रोग्याचें एक कोडें उलगडतें. आमचें गांव स्मरणावरच नांव मिळवून आहे. सरसेनापति प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशीं येथल्या खिंडींत १६७४ सालीं कामास आले, ती हकीकत येथल्या लहान पोरालाहि माहीत असते. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ ती हकीकत आजहि मोठ्या आवेशानें सांगतात, संध्येचे मंत्र न अडखळतां म्हणतात, आणि पांच मिनिटांपूर्वीं जेवलों हें विसरून सुनेला ताट मागतात. ‘सोयीचें तेवढें बरें आठवतें!’ असें घरांत कुजबुजत बोलतात. तें ढोंग नव्हे. हिप्पोकॅम्पस व त्याच्या लगतचा भाग या रोगांत अगदीं आधीं झिजतो, म्हणून आजची आठवण रुजतच नाहीं. पन्नास वर्षांपूर्वींची, शंभरदां घोटलेली आठवण मेंदूच्या इतर भागांत पसरून पक्की झालेली असते. ती मागाहून जाते.

आतां मुख्य प्रश्न. रोगांत बीटा-कॅटेनिनचें काय होतें? अल्झायमरचा रोग क्वचित् वंशपरंपरेनें, तरुणपणींच येतो. अशा कुळांत बिघडलेलें प्रेसेनिलिन नांवाचें जनुक १९९५ सालीं सांपडलें. तीन वर्षांनीं, १९९८ मध्यें, असें आढळून आलें कीं प्रेसेनिलिन हें बीटा-कॅटेनिनला चिकटलेलें असतें, आणि ज्यांचें प्रेसेनिलिन बिघडलें होतें अशा मृत रोग्यांच्या मेंदूंत बीटा-कॅटेनिनचें प्रमाण बरेंच घटलेलें होतें. पुढें इटलींतील संशोधकांनीं २००४ सालीं दाखविलें कीं, विंटचा निरोप दारावरच अडविणारें एक प्रथिन अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूंत वाढलेलें असतें. आणि सर्वांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बीटा-कॅटेनिनवर मोडीचा शिक्का मारणारें जें जीएसके-३, तेंच टाउवरहि फॉस्फेटचे शिक्के मारतें. आणि अशा शिक्क्यांनीं लादलेला टाउ सुटून त्याचे गुंते होतात. म्हणजे विंटचा निरोप क्षीण झाला कीं एकाच हातानें सांधा ढिला होतो आणि गुंताहि वळला जातो.

ही मांडणी आकर्षक आहे, पण ती सिद्धान्त म्हणून गळीं उतरवून घेण्याचें कारण नाहीं. प्रेसेनिलिनविषयीं कांहीं प्रयोगांत उलटा निकाल मिळाला आहे. तें काढून घेतल्यास त्वचेंत बीटा-कॅटेनिन वाढतें व गांठी होतात. सांधे सुटल्यामुळें रोग येतो, कीं रोग आल्यामुळें सांधे सुटतात, हा वाद मिटलेला नाहीं. दोन्ही अंशतः खरें असावें असें आमचें मत आहे.

मेंदूचें रक्षण करणारी एक भिंत आहे, तिचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात कीं रक्तांतील पुष्कळशीं द्रव्यें मेंदूंत शिरूं शकत नाहींत. ही भिंत विंट व बीटा-कॅटेनिन यांच्याच निरोपावर घडते, हें २००८ व २००९ सालच्या प्रयोगांवरून ठरलें. म्हातारपणीं ही भिंत झिरपूं लागणें हेंहि स्मृतिभ्रंशाच्या वाटेवरील एक पाऊल मानलें जातें.

वाचक विचारतील, मग बीटा-कॅटेनिन वाढविणारी गोळी कां काढीत नाहींत? अडचण मोठी आहे. मोठ्या आंतड्याच्या बहुतेक कर्करोगांत बीटा-कॅटेनिनला मोडीत काढणारी टोळीच बिघडलेली असते. निरोप नसतांहि तें सांचत राहतें व पेशी बेसुमार वाढतात. मेंदूला जें थोडें हवें तें सबंध शरीरांत वाढविलें तर आंतड्याचा बळी जाईल. लिथियम या धातूचे क्षार जीएसके-३ ला दाबतात, ही गोष्ट १९९६ सालापासून माहीत आहे; उन्मादाच्या रोग्यांना तें औषध त्याहून कितीतरी आधींपासून देतात. २०२५ सालीं हार्वर्ड येथील ब्रूस यांकनर यांच्या प्रयोगशाळेनें असें प्रसिद्ध केलें कीं, स्मृति नुकती मंदावूं लागलेल्यांच्या मेंदूंत लिथियम कमी आढळतें, अमिलॉइडचे थर तें आपल्यांत अडकवून ठेवतात, आणि लिथियमचा एक विशिष्ट क्षार अत्यल्प मात्रेनें दिल्यास उंदरांची स्मृति सुधारते. उंदरांची, हें वाचकांनीं दोनदां वाचावें. ही बातमी फिरूं लागल्यावर, तो क्षार दुकानांतून आणून वडिलांना द्यावा कीं काय, असें आम्हांस एका सुशिक्षित गृहस्थांनीं विचारलें. मुळींच देऊं नये. लिथियमची मात्रा थोडी चुकली तरी मूत्रपिंडें व कंठग्रंथि यांना अपाय होतो. तें घेणाऱ्यांचें रक्त डॉक्टर वरचेवर तपासतात तें उगाच नव्हे. ब्राह्मी, शंखपुष्पी यांना आयुर्वेदानें मेध्य म्हटलें आहे, त्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण त्यांनीं हा रोग थांबतो असें सिद्ध झालेलें नाहीं. अमिलॉइडचे थर काढून टाकणारीं नवीं औषधें २०२३ पासून परदेशांत मान्य झालीं. तीं आरंभींच्या अवस्थेंत रोगाची गति कांहींशी मंद करतात, गेलेली स्मृति परत आणीत नाहींत.

औषध एवढें थोडें असतांना घरच्यांच्या वागणुकीचें मोल वाढतें. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. आम्ही चित्रपटांचे भोक्ते नाहीं. पण त्यांतील चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना अल्झायमरचा रोग झाला आहे, आणि रस्त्यांत दिसलेल्या एका हत्तीच्या मागोमाग ते निघून जातात. मोहन आगाशे यांनीं केलेली ही भूमिका पाहतांना आम्ही अस्वस्थ झालों. मुलगी त्यांना शोधीत फिरत असतांना त्यांना संभाळते ती माहुताची बायको. ती कानडी बोलते, शास्त्र तिला ठाऊक नाहीं, आणि हरवलेल्या त्या म्हाताऱ्याला ती एखाद्या लेकराप्रमाणें सहज जवळ करते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ‘आतांच तर सांगितलें!’ हें वाक्य ती बाई उच्चारीत नाहीं, आणि आमच्या सुशिक्षित घरांतून तेंच सर्वांत जास्त ऐकूं येतें.

आतां खेड्यांतील स्त्रियांकडे वळूं. २०२४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राच्या मंडळानें चौदा कारणें दाखवून असा अंदाज दिला कीं, तीं टाळतां आलीं तर जगांतील सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू हीं अपेक्षित कारणें त्यांत आहेतच. पण आमचें लक्ष दोहोंवर खिळलें. एक, लहानपणीं शिक्षण कमी मिळणें. दुसरें, कानांनीं कमी ऐकूं येणें. आज ज्या बाया पंच्याहत्तरीच्या आहेत त्यांना चौथीनंतर शाळेंतून कोणी काढलें? आमच्याच पिढीच्या वडिलांनीं. ‘मुलीला एवढें पुरे’ म्हणून वाचविलेल्या त्या चार यत्तांची किंमत आतां त्यांच्या सुना आणि नाती चुकवीत आहेत. ही गोष्ट कोणत्याहि रेणूच्या गोष्टीपेक्षां आम्हांस जड वाटते. कानांचें तसें नाहीं. तें आजहि सुधारतां येतें. मात्र श्रवणयंत्र लावण्याची लाज आमच्या बरोबरीच्या पुरुषांना फार, आणि न ऐकूं आल्यामुळें माणूस संभाषणांतून, मग ओट्यावरून, मग माणसांतूनच उठतो.

विसराळूपणा दिसतांच तो अल्झायमरच असें घरच्या घरीं ठरवूं नये. शुद्ध शाकाहारी घरांतून ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, आणि तिनेंहि स्मृति मंदावते. कंठग्रंथीचा मंदपणा, मनाची खिन्नता, झोंपेच्या गोळ्या, डोक्याला लागून कवटीखालीं सांचलेलें रक्त, या सर्वांनीं स्मृतिभ्रंशासारखेंच चित्र दिसूं शकतें, आणि यांपैकीं बहुतेकांवर उपाय आहे. आमच्या बाजूच्या लोकांना त्यासाठीं कोल्हापूर किंवा बेळगांव गांठावें लागतें. जातांना रोग्याचा चष्मा विसरूं नये, तो घेत असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवींत घालाव्यात, आणि पहिला विसर केव्हां लक्षांत आला, त्यानंतर काय काय बदललें, हें घरांतील ज्या बाईनें रोज पाहिलें असेल तिला बरोबर न्यावें. डॉक्टरांपुढें तिलाच बोलूं द्यावें.